जॉन वेनच्या जागी पडणारा माणूस

हा सीन जरा नीट बघा. १९३९ चा पिक्चर, जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’. सहा घोडे जुंपलेली गाडी कोरड्या सपाट मैदानातून सुसाट सुटलीये, मागे अपाची, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची टोळी, लागलेत, आणि त्यातला एक जण आपल्या घोड्यावरून थेट गाडीच्या पुढच्या जोडीवर उडी टाकतो. त्याला गोळी लागते, तो खाली घसरतो, दोन घोड्यांच्या मधल्या दांड्याला लटकून फरफटत जातो, मग अजून एक गोळी, हात सुटतात, आणि मागच्या दोन्ही जोड्या आणि पाठोपाठ अख्खी गाडी त्याच्या अंगावरून निघून जाते. बाहुला नाहीये हा. गाडी गेल्यावर मागे धुळीत तो हलताना दिसतो बघा.

आणि थोड्या वेळाने सुटलेले लगाम पकडायला पिक्चरचा हिरो जॉन वेन त्याच घोड्यांच्या पाठींवरून उड्या मारत पुढे जातो ना, तो पण वेन नाही, तो पण हाच. म्हणजे मरणारा हा आणि सगळ्यांना वाचवणारा पण हाच!

याचं नाव याकिमा कनट. खरं नाव ईनॉस एडवर्ड कनट, जन्म १८९५, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कोलफॅक्सजवळ. याकिमा गावाशी तसा संबंध काही नाही. ऑरेगनमधल्या पेंडलटनच्या रोडिओत, म्हणजे बिथरलेल्या घोड्यावर टिकून बसायच्या स्पर्धेत, पेपरवाल्याने फोटोखाली याकिमा कनट असं छापलं आणि तेच नाव आयुष्यभर चिकटलं. पोरगा पक्का घोडेस्वार होता पण, १९१७ पासून १९२३ पर्यंत चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि त्याच जोरावर हॉलिवूडमध्ये मूकपटांचा चक्क हिरो झाला.

मग सिनेमा बोलायला लागला आणि इथे याची गाडी अडली. पहिल्या महायुद्धात नेव्हीत असताना फ्लू झाला होता, त्यात स्वरयंत्राची वाट लागली होती, आवाज सपाट आणि खरखरीत. मूकपटात कोणाला काय फरक पडतो, पण माइक आल्यावर असा हिरो कोण घेणार? मग व्हिलनचे छोटे रोल, आणि दुसऱ्यांच्या जागी पडणं. मला विचाराल तर त्याची खरी करिअर इथून सुरू झाली, कारण आजवर घोड्यावर टिकायचं कसं एवढंच माहीत होतं, आता पडायचं कसं हे शोधायचं होतं.

आणि शोधलं त्याने. ‘बिनधास्त माणूस’ वगैरे म्हणून सोडून देऊ नका, हा हिशेबी माणूस होता. स्वार पडताना पाय रिकिबीत अडकला तर घोडा फरफटत नेतो, म्हणून त्याने एका बाजूने उघडी, इंग्रजी एल अक्षरासारखी रिकीब बनवली, पाय अलगद सुटतो. गाडी उलटवायची असेल तर नेमक्या क्षणी घोडे सुटून पुढे पळतील आणि मागे गाडी एकटीच कोलांटेल अशी जुळणी केली. जॉन वेनबरोबर स्वस्तातले वेस्टर्न, म्हणजे काउबॉयवाले पिक्चर करताना दोघांनी मारामारीची पद्धतच बदलली, ठोसा तोंडापासून लांबूनच जातो पण कॅमेरा अशा कोनात की बसल्यासारखा वाटतो. आज आपल्याकडच्या पिक्चरमध्ये पण फाइट तशीच शूट होते. वेनची ती प्रसिद्ध चाल आणि संथ बोलणं, ते पण बरंचसं याच्याकडूनच उचललेलं, हे वेन स्वतः कबूल करायचा.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, गोड नाहीये. ‘रनिंग डब्ल्यू’ नावाचा प्रकार होता. घोड्याच्या पुढच्या पायांना वायर बांधायची, ती पोटपट्ट्याच्या कडीतून मागे न्यायची, दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंट्याला. घोडा भरधाव सोडायचा, वायर संपली की पुढचे पाय खेचले जाणार आणि घोडा तोंडावर आपटणार. कनटने हे शेकडो वेळा केलं, आपल्या हातून एकही घोडा जायबंदी झाला नाही असं तो म्हणायचा, पण बाकीच्यांच्या सेटवर घोडे मेले, बोंबाबोंब झाली, आणि १९४० पासून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे लोक शूटिंगवर लक्ष ठेवायला लागले. स्वाराच्या पायाचा एवढा विचार करणारा माणूस, घोड्याच्या पायाचा मात्र... असो.

त्याचं स्वतःचं शरीर पण किती वर्षं साथ देणार. १९४० मध्ये ‘बूम टाउन’मध्ये हिरो क्लार्क गेबलच्या जागी असताना घोडा अंगावर कोसळला, पोटात आतपर्यंत जबर इजा. १९४३ मध्ये ‘आयडाहो’च्या वेळी दोन्ही घोटे मोडले. मग हळूहळू कॅमेऱ्याच्या मागे, सेकंड युनिट डायरेक्टर, म्हणजे स्टंटसारखे सीन वेगळी टीम घेऊन शूट करणारा. १९६७ मध्ये ऑस्करवाल्यांनी मानद पुरस्कार दिला, स्टंट आणि सुरक्षेची साधनं दोन्हींसाठी. स्टंटची रीतसर वेगळी कॅटेगरी मात्र थेट २०२८ च्या सोहळ्यात येणारे. बघा म्हणजे.

आता रोमला चला, चिनेचित्ता स्टुडिओ, ‘बेन-हर’, १९५९ चा. रथांची शर्यत कनट आणि अँड्र्यू मार्टन यांनी उभी केली. पिक्चरचा हिरो चार्लटन हेस्टनला रथ हाकायला कनटनेच शिकवलं. हेस्टनला काळजी, एवढ्या रथांत मी टिकेन का, तर कनट म्हणाला तू फक्त रथात उभा राहा, जिंकवतो मी तुला. हेस्टन नंतर हा किस्सा रंगवून सांगायचा.

एका शॉटमध्ये मोडलेल्या रथांवरून बेन-हरचा रथ उडी मारून जातो. तो शॉट द्यायला हेस्टनच्या जागी उभा होता कनटचा मुलगा, जो. रथ हवेत उडाला, जो कठड्यावरून पुढे फेकला गेला, पाय वर, डोकं खाली, समोर चार घोड्यांचे मागचे पाय. वीस वर्षांपूर्वी बाप स्वतःहून जिथे पडला होता, साधारण तिथेच पोरगा चुकून पडत होता, आणि बाप बघत होता. जोने कशीबशी पकड धरली आणि वाचला. हनुवटी फाटली, टाके पडले.

तो शॉट त्यांनी ठेवला. पुढे हेस्टन रथात परत चढतानाचा क्लोजअप जोडला, एवढंच.