खोकं दहा नंबरला कसं आलं?

[दृश्य : सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. सकाळ. मागांचा खडखडाट.]

माग सुरू झाले की इथे शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. त्याच शेडच्या कोपऱ्यात, काचेच्या केबिनमध्ये प्लॅनिंग बघणाऱ्या ताई बसल्यात. नवा टेरी टॉवेल मागावर घ्यायचाय. जुन्यासारखाच, फक्त काठ रंगीत. त्याचं रूटिंग आज बनवायचंय.

रूटिंग म्हणजे माल कारखान्यात कुठून कुठे जाणार, त्याचा क्रम. 10 नंबरला सूतरंगाई, 20 ला वॉर्पिंग (ताण्याचं, म्हणजे उभं सूत बीमवर, मोठ्या रुळावर गुंडाळणं), 30 ला विणाई, मग कटिंग, शिलाई, तपासणी आणि 70 ला पॅकिंग. नंबर दहा-दहाच्या अंतराने, म्हणजे उद्या मध्ये एखादी पायरी घालायची झाली तर जागा असते.

ताईंनी संगणकात जुनं रूटिंग कॉपी केलं. पायऱ्या आल्या, मशिनं आली, वेळा आल्या. सूत, लेबल, खोकं यांची पायऱ्यांशी जोडणी मात्र आली नाही.

[दृश्य : जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर फिरणारी पुठ्ठ्यांची माळ.]

सोलापुरी चादर विणणाऱ्याला हे चटकन समजेल. जेकार्डच्या पुठ्ठ्याला भोकं असतात. कुठला धागा उचलायचा, एवढंच ती सांगतात. माळ भोक न् भोक उतरवून घेतली तरी बीमवर सूत कुठल्या रंगाचं, ते पुठ्ठ्यात नसतं. ते वेगळं बघावं लागतं.

इथेही तसंच. सामानाची यादी, म्हणजे बीओएम, वेगळी असते. यादीतली कुठली वस्तू कुठल्या पायरीला लागणार, ही गाठ जुन्या टॉवेलच्या यादीशी बांधलेली. नव्या टॉवेलची यादी नवी, त्यामुळे गाठही नव्याने मारावी लागते. आणि न जोडलेली वस्तू काही सॉफ्टवेअरमध्ये उत्पादनाची ऑर्डर उघडताना थेट पहिल्या पायरीला जाऊन चिकटते. सॅप (SAP) या सॉफ्टवेअरमध्ये तर असंच होतं.

[दृश्य : स्टोअरच्या दारात रचलेली खोकी.]

मग सूत अजून रंगात असतानाच स्टोअरला खोक्यांची मागणी जाते. पायरी पूर्ण झाल्याची नोंद होताच साठा आपोआप वजा होत असेल, तर गोंधळ आणखी वाढतो. रंगाई संपली की कागदावर खोकी संपलेली, आणि प्रत्यक्षात ती समोर रचलेली! महिनाअखेरीला ती मोजत बसायचं काम स्टोअरमधल्या माणसाच्या गळ्यात. चूक त्याची नसते, बोलणी मात्र तोच खातो. याचं मनापासून वाईट वाटतं.

[दृश्य : संगणकाचा पडदा, जवळून.]

ताई एकेक ओळ जोडतायत. पांढरं सूत रंगाईला जात नाही, ते सरळ 20 ला. तिथे बीम दोन: एक जमिनीचं, म्हणजे खालच्या मूळ कापडाचं, एक पाइलचं, म्हणजे वरच्या लूपचं. पाइलचा ताणा सैल सुटतो, म्हणून टॉवेलवर लूप उभे राहतात. काठाचं सूत 10 ला, रंगून ते 30 ला बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत पडणार. लेबल शिलाईला. खोकं 70 ला.

आधी उघडलेल्या ऑर्डरींत हा बदल आपोआप उतरत नाही. चाचणीसाठी काढलेली एक ऑर्डर ताई रद्द करतात, नवी काढतात आणि स्टोअरला फोन लावतात.

“दादा, खोकी आत घ्या. आज फक्त सूत सोडा.”