हातोडा पडण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडते आणि वास्तुशांतीचा मुहूर्त ठरतो, त्यामधल्या दोन-तीन महिन्यांबद्दल आज बोलायचं आहे. या काळात गवंडी, प्लंबर, वायरमन, पीओपीवाले, फरशीवाले, सुतार आणि रंगारी एकामागून एक घरात येतात, कधी एकाच दिवशी एकमेकांच्या पायात येतात. इंटिरियरच्या कामात जो वेळ वाया जातो, जो राडारोडा निघतो आणि जे नियम मोडले जातात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच असतं: झालेलं काम पुन्हा फोडावं लागणं. म्हणून हातोडा पडण्याआधी काय ठरलेलं असावं, ते पाहू.

आधी भिंत. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या बऱ्याच नव्या उंच इमारती मिव्हान पद्धतीने बांधलेल्या आहेत. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून स्लॅब आणि भिंती एकत्र ओततात. अशा इमारतीत दोन खोल्यांमधली साधी दिसणारी भिंतसुद्धा काँक्रीटची आणि भार पेलणारी असू शकते. तिच्यातल्या सळीवर काँक्रीटचं कवच असतं साधारण २० मिलिमीटरचं. वायरमन पाइप दडवायला २५ मिलिमीटर खोल झिरी मारतो आणि सळी उघडी पडते, कधी ग्राइंडरने कापलीही जाते. वर पुट्टी फिरली की काहीच दिसत नाही. पण आपल्याकडच्या दमट हवेत ती सळी गंजते, गंजून फुगते आणि काही वर्षांनी काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. तोवर खालीवर वीस मजले माणसं राहायला आलेली असतात.

भिंत कशाची आहे हे ठोकून कळत नाही. बिल्डरकडून किंवा सोसायटीकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागून घ्या. त्याला जोड म्हणून, वायर आणि पाइप नाही अशा जागी ६ मिलिमीटरच्या बिटने एक छोटं भोक पाडून बघता येतं. लाल भुकटी आली तर वीट. बिट लोण्यासारखा आत गेला आणि पांढुरकी भुकटी आली तर हलका ब्लॉक. बिट अडतोय, तापतोय आणि राखाडी पूड येतेय, तर ते काँक्रीट. मग तिथे झिरी नाही. वायर फॉल्स सीलिंगच्या वरून किंवा लाकडी पॅनेलच्या मागून न्यायची. नवी भिंत हवी असेल तर धातूच्या चौकटीवर साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड लावा, उभे खांब ६०० मिलिमीटरवर. टीव्ही किंवा जड कपाट टांगायचं असेल तर दुसरी बाजू बंद करण्याआधी आत १८ मिलिमीटर प्लायची पट्टी बसवून घ्या. ही पट्टी नेमकी विसरली जाते, आणि मग नवीकोरी भिंत उघडावी लागते.

आता न्हाणीघर. बिल्डरने दिलेल्या टाइल आवडल्या नाहीत म्हणून ताबा मिळाल्या मिळाल्या बाथरूम फोडणारे पुष्कळ. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुम्ही खालचं वॉटरप्रूफिंगच फोडलंत, तर गळती कोणाच्या कामामुळे झाली हा वाद तिथेच सुरू होतो. फोडणं अटळच असेल, तर नवं वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जाण्याचं तोंड, बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. ठेकेदार म्हणेल, एक रात्र पुरे. ऐकू नका. ओल स्लॅबमधून उतरायला वेळ घेते.

राडारोड्याचा हिशेबही ऐका. आठ फूट बाय पाच फुटांचं बाथरूम, सात फुटांपर्यंत टाइल. भिंतींच्या टाइल आणि त्यामागचा मसाला साधारण एक टन, जमिनीचा थर पाऊण टन. एका गोणीत २५ ते ३० किलो भरलं तर साठ-सत्तर गोण्या, आणि हे एकाच बाथरूमचं. देशातले बांधकाम कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगत होते की दिवसाला २० टनांहून किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा करणाऱ्या प्रकल्पाने तो चार भागांत वेगळा करायचा: काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक, विटा-मसाला. एक फ्लॅट या आकड्यापर्यंत जात नाही, पण आपला कचरा रस्त्यावर किंवा नाल्यात न टाकता नेमलेल्या ठिकाणी पोचवण्याची जबाबदारी प्रत्येकाची आहे. त्यांच्या जागी आलेल्या, १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या २०२५ च्या नियमांनी २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर कचऱ्याच्या पुनर्वापराची विस्तारित जबाबदारीही टाकली आहे. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ‘डेब्रिज उचलणे’ एवढंच लिहिलेलं असतं. तिथे ‘कुठे टाकणार आणि पावती देणार’ हेही लिहून घ्या. जिप्समचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या विटांच्या गोणीत गेल्या की तो माल दळून पुन्हा वापरणं अवघड होतं, म्हणून गोण्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवायच्या.

सगळ्यात चांगला राडारोडा म्हणजे न निघालेला. खोलीतली जुनी फरशी घट्ट असेल तर तिच्यावरच नवी बसवता येते. आधी नाण्याने प्रत्येक फरशी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तेवढीच काढा आणि भरून घ्या. ‘टाइल ऑन टाइल’ असं पिशवीवर स्पष्ट लिहिलेला अ‍ॅडेसिव्ह वापरा. उंची साधारण १५ मिलिमीटरने वाढते, म्हणजे दारं खालून कापावी लागतील आणि उंबऱ्याशी पातळी जुळवावी लागेल. गळणाऱ्या बाथरूममध्ये मात्र हे करू नका. गळती खाली आहे, ती झाकून थांबत नाही.

व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंटची रबडी तिच्या पाठीत शिरतच नाही. भिंतीवर ती नुसत्या सिमेंटवर लावली की वर्ष-दोन वर्षांत सुटू लागते. आयएस १५४७७ या भारतीय मानकाने प्रमाणित अ‍ॅडेसिव्ह, किमान टाइप २, दातेरी थापीने सगळीकडे सारखा पसरायचा. चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक गोळा लावून टाइल दाबण्याची जुनी सवय मोडायला हवी. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साठतं, आणि तिथेच ड्रिल मारलं की टाइल तडकते.

लाकूडकामाकडे येऊ. प्लायवुडला भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आहे. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो, तो शब्द बाजूला ठेवा. मानकातला फरक असा: एमआर (ओलावा सोसणाऱ्या) प्रतीच्या सरसाची चाचणी ६० अंशांच्या पाण्यात ३ तास, बीडब्ल्यूआरची (उकळतं पाणी सोसणाऱ्या प्रतीची) उकळत्या पाण्यात ८ तास आणि आयएस ७१० च्या मरीन प्लायची उकळत्या पाण्यात ७२ तास. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून मरीन, स्वयंपाकघराच्या बाकी कपाटांना बीडब्ल्यूआर, बेडरूमच्या कपाटाला एमआर पुरतो. सगळीकडे मरीन लावणं म्हणजे पैशांची नासाडी. शिक्क्यावर आयएसआय चिन्हाबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासा. माल उतरवतानाच तपासा, कापल्यावर शिक्का सापडत नाही.

नव्या कपाटाचा डोळ्यांत झोंबणारा वास फॉर्मल्डिहाइडचा असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या वायूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. म्हणून बोर्ड किमान ‘ई१’, म्हणजे हा वायू कमी सोडणाऱ्या प्रतीचा मागा. बोर्डाच्या उघड्या कडांमधून वायू सर्वांत जास्त सुटतो, तेव्हा पाठीमागच्या आणि तळाच्या न दिसणाऱ्या कडांनाही एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावून घ्या. सुतार त्या हमखास सोडतात.

मापातही बरंच काही दडलंय. प्लायचा ताव २४४० बाय १२२० मिलिमीटरचा. करवतीचं पातं चार मिलिमीटर खातं. कपाटाची खोली ६०० ठेवली तर एका तावाच्या रुंदीत दोन पट्ट्या बसतात. ६२५ म्हटलं की एकच बसते आणि ५९१ ची पट्टी उरते, तिच्यातून दुसरी बाजू निघत नाही. पंचवीस मिलिमीटरच्या हौसेपायी तावांची संख्या कुठल्या कुठे जाते. म्हणून कटिंगची यादी आधी कागदावर, खरेदी नंतर. आणि सनमायका बाहेरून लावला तर आतून लायनर, म्हणजे आतल्या बाजूचा पातळ ताव, लावाच, नाहीतर दार एका बाजूला वाकतं.

कारखान्यातून बनवून आणलेलं किचन चार-पाच दिवसांत उभं राहतं, पण माप टाइल लागल्यानंतर घेतलं तरच. टाइल आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून प्रत्येक भिंतीवर साधारण १५ मिलिमीटर जातात, दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये तीस. आधीच माप घेऊन बनवलेलं कपाट मग तीस मिलिमीटरने मोठं ठरतं, आणि कारखान्याची नीटस कड जागेवर करवतीने कापावी लागते. कोपरा काटकोनात आहे का तेही बघा: एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, कर्ण बरोबर ५ फूट. नसेल तर ड्रॉइंगमध्येच तीस-चाळीस मिलिमीटरची फिलर पट्टी धरा.

रंगाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग आहे. पण जुन्या चाळीत, वाड्यात खालचे थर त्याआधीचे असतात. तिथे सुका पॉलिश पेपर मारू नका, ओला करून घासा, आणि लहान मुलांना ते काम संपेपर्यंत दुसरीकडे ठेवा. ऑफिस किंवा दुकानाचं काम असेल तर फॉल्स सीलिंग आणि पार्टिशन बदलताना स्प्रिंकलर आणि धूरसूचक झाकले जाणार नाहीत हे पाहा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि झाकलेल्या स्प्रिंकलरवर ते मिळायला नको.

शेवटी, पुट्टी आणि टाइल झाकण्याआधी एक काम करा. प्रत्येक भिंतीसमोर टेप उघडून धरा आणि पाइप-वायरसकट फोटो काढा. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती हे त्यात दिसलं पाहिजे. फोटोंना खोलीची नावं द्या आणि छापील प्रती वीजजोडणीच्या कागदांबरोबर डीबीच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीच्या, झाकणामागे ठेवा. पुढचा सुतार आरसा टांगायला येईल, तेव्हा ड्रिल कुठे मारायचं नाही हे त्याला तिथे दिसेल.