पाचव्या गोलंदाजाची दहा षटकं

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

कोल्हापूर हे फुटबॉलचं गाव. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमवर काय वातावरण असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. तिथं कप्तानाच्या दंडावर पट्टी असते, पण खेळाडू बदलायचा, डाव बदलायचा तो निर्णय रेषेबाहेर उभा असलेला प्रशिक्षक घेतो. क्रिकेटमध्ये प्रशिक्षक पॅव्हेलियनमध्ये बसतो आणि पुढचं षटक कुणाला द्यायचं, हे कप्तानाला मैदानावर, मिनिटभरात ठरवावं लागतं. मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये हेच त्याचं मुख्य काम आहे, असं माझं ठाम मत आहे. टॉस, आवेश, पत्रकार परिषदेतली भाषणं यांचं महत्त्व त्यानंतर.

कारण साधं आहे. कसोटीत तुमचा सर्वोत्तम गोलंदाज खांदा साथ देईल तोवर टाकू शकतो. एकदिवसीय सामन्यात त्याला दहाच षटकं, टी-ट्वेंटीत चारच. म्हणजे पाच जणांनी गोलंदाजी केल्याशिवाय डाव पुरा होत नाही. चांगले चार गोलंदाज बहुतेक संघांकडे असतात. पाचव्याच्या दहा षटकांवर समोरचे फलंदाज टपून असतात. ती दहा षटकं कुठं दडवायची, कुणाकुणात वाटायची, यात कप्तानाचा कस लागतो.

आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट इथं सगळ्यांना पाठ आहे. 1948 साली पुण्यात काठियावाडविरुद्ध ते 443 धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाला फक्त नऊ धावा कमी. समोरच्या कप्तानानं पुढं खेळायलाच नकार दिला. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हा कप्तान संघ घेऊन निघून जाऊ शकत होता. आजच्या एकदिवसीय सामन्यात नावडतं षटकसुद्धा कुणाला तरी टाकावंच लागतं.

1979 च्या विश्वचषकाची अंतिम लढत बघा. लॉर्ड्सवर इंग्लंडचा कप्तान होता माइक ब्रिअर्ली. क्रिकेटमधल्या सर्वांत हुशार कप्तानांत ज्याची गणना होते, तो. पण बॉब विलिस जखमी होता आणि पाचवा गोलंदाज संघात नव्हता. तेव्हा डाव साठ षटकांचा आणि एका गोलंदाजाला बारा षटकं. ती बारा षटकं बॉयकॉट, गूच आणि लार्किन्स या तीन फलंदाजांनी मिळून टाकली आणि त्यांत 86 धावा गेल्या. रिचर्ड्सनं नाबाद 138 केल्या, कॉलिस किंगनं 86. वेस्ट इंडीज 92 धावांनी जिंकलं. ब्रिअर्लीची बुद्धी त्या दिवशी कमी पडली असं मी म्हणणार नाही. संघ निवडला तेव्हाच त्याचे हात बांधले गेले होते. आपण मात्र हरलेल्या कप्तानाला सरसकट नावं ठेवतो.

चार वर्षांनी, 1983 च्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीत, त्याच मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध कपिलदेवकडं 183 धावाच होत्या. पण मोहिंदर अमरनाथसारखा संथ मध्यमगती गोलंदाज होता. त्यानं सात षटकांत बारा धावा देऊन तीन बळी घेतले. रिचर्ड्सनं मदनलालला झोडपलं होतं, तरी मदनलालनं आणखी एक षटक मागून घेतलं आणि कपिलनं ते दिलं. रिचर्ड्सचा उंच उडालेला झेल मागं धावत जाऊन स्वतः कपिलनं घेतला. झेलाचं कौतुक सगळे करतात. मार खाल्लेल्या गोलंदाजाचं म्हणणं कप्तानानं ऐकलं, हे मला त्याहून मोठं वाटतं.

2007 ला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध धोनीनं शेवटचं षटक जोगिंदर शर्माला दिलं. हरभजनचं एक षटक शिल्लक होतं, पण मिसबाहनं त्याला नुकतेच षटकार मारले होते. लोक त्याला जुगार म्हणतात. मला ते पटत नाही. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्धचं शेवटचं षटकही जोगिंदरनंच टाकलं होतं.

आता 29 जून 2024, बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. इथं जरा थांबू या, कारण एवढा स्वच्छ हिशेब क्वचित पाहायला मिळतो. पंधराव्या षटकात अक्षरला 24 धावा पडल्या. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हव्या, सहा गडी हातात, क्लासेन खेळपट्टीवर. बुमराहची दोनच षटकं उरलेली. आपल्यातले बहुतेक जण म्हणाले असते, ती शेवटासाठी ठेवा. रोहितनं सोळावं त्याला दिलं : चार धावा. सतराव्यात हार्दिकनं पहिल्याच चेंडूवर क्लासेनला बाद केलं आणि चारच धावा दिल्या. अठराव्यात पुन्हा बुमराह : दोन धावा आणि यान्सेनचा त्रिफळा. एकोणिसाव्यात अर्शदीपनं चार दिल्या. शेवटच्या षटकात हव्या होत्या सोळा, आणि तेव्हा बुमराहचा कोटा संपलेला होता. सोळाव्या षटकात सामना निसटला असता तर विसाव्यासाठी राखलेल्या बुमराहचा काय उपयोग होता? सामना जिथं फिरतोय तिथं हुकमाचं पान टाकायचं आणि शेवट हार्दिकवर सोपवायचा, याला छाती लागते. पुढं सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, सामना सात धावांनी जिंकला. झेल सुटला असता, तरीही रोहितचा निर्णय बरोबरच होता असं मी म्हणेन.

इथं शाळा-क्लबांचे प्रशिक्षक बसलेत, त्यांना एक विनंती. जो चांगली फलंदाजी करतो त्याच्या गळ्यात कप्तानी घालू नका. कुठल्या गोलंदाजाची किती षटकं राहिली, हे वही न बघता सांगणारा पोरगा किंवा पोरगी शोधा. आणि तुमच्या फलंदाजांना नेटमध्ये रोज बारा-पंधरा चेंडू टाकायला लावा.

का, ते 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत, महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिसलं. आपली सांगलीची स्मृती उपकर्णधार, हरमनप्रीत कर्णधार. लागोपाठ तीन सामने हरून हा संघ अंतिम फेरीत आला होता. भारताच्या 298. दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्ट आणि लूस जमल्या होत्या. हरमनप्रीतनं चेंडू शफाली वर्माकडं दिला. शफाली मूळ संघातही नव्हती, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आलेली सलामीची फलंदाज. तिनं लूसला बाद केलं, लगोलग कापला. सात षटकांत 36 धावा, दोन बळी.

सगळे त्या दोन बळींबद्दल बोलतात. मी त्या सात षटकांबद्दल बोलतोय. ती षटकं एका फलंदाजानं टाकली, म्हणून फिरकी गोलंदाज दीप्ती शर्माची षटकं शेवटासाठी शिल्लक राहिली. वोल्वार्ट शतक करून उभी होती तेव्हा चेंडू दीप्तीच्या हातात देता आला. अमनजोतनं तीनदा उडालेला झेल कसाबसा पकडला, वोल्वार्ट 101 वर बाद झाली, आणि त्याच षटकात दीप्तीनं ट्रायॉनलाही पायचीत केलं.