अनोळखी पायांसाठी आखलेली वाट

नमस्कार मंडळी. तुमच्यातले बरेच जण मला पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर किंवा गंगापूर रोडला धावताना दिसतात. तिथं वाट शोधावी लागत नाही. बूट घातले की निघायचं. पण पांडवलेण्याच्या पायथ्याशी, नेहरू वनोद्यानात आणि त्याच्या आजूबाजूच्या पायवाटांवर शर्यत घ्यायची म्हटलं की सगळ्यात अवघड काम तेच होऊन बसतं. वाट दाखवण्याचं.

आमच्या शर्यतीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट सांगते. वाट दाखवणाऱ्या फिती बांधायचं काम मी मागून घेतलं होतं. इतकी वर्षं रोज तिथं फिरते, माझ्याइतकी वाट कुणाला ठाऊक, असा माझा समज. डोंगराच्या कडेला एका ठिकाणी वाट फुटते. आपल्याला जायचं असतं डावीकडे, चढावर. ती वाट अरुंद, अर्धी गवतात बुडालेली. उजवीकडची रुंद, चांगली मळलेली, आणि ती खाली महामार्गाकडे उतरते. मी तिथं फीत बांधलीच नाही. विसरले म्हणून नव्हे. तिथं फाटा आहे हेच मला कधी दिसलं नव्हतं. माझे पाय आपोआप डावीकडे वळायचे.

अकरा जण उजवीकडे गेले. त्यात साठी ओलांडलेल्या एक काकू होत्या, आयुष्यात पहिल्यांदाच शर्यतीत उतरलेल्या. शोधत खाली गेले तर त्या मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडला, कठड्यावर बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "माझंच चुकलं गं, लक्ष नव्हतं." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे. ज्याला वाट पाठ आहे त्याने ती आखायची नाही. जाणकार माणूस मागून चालतो, गप्प राहतो. पुढे चालतो तो उद्यानात पहिल्यांदा आलेला. तो जिथं थबकतो, मागे वळून बघतो, तिथं फीत लागते. आणि एक नाही, तीन. फाट्याच्या आधी दहा पावलांवर पहिली, म्हणजे धावणारा सावध होतो. फाट्यावर दुसरी. आणि वळल्यावर वीसेक पावलांवर तिसरी. तिला आम्ही होकाराची फीत म्हणतो. दमलेल्या माणसाला "बरोबर आलास" एवढं कुणीतरी सांगावं लागतं, ते ती फीत सांगते. चुकीच्या वाटेवर फक्कीची आडवी रेघ मारायची, पण शर्यतीच्या दिवशी सकाळी. आदल्या संध्याकाळी मारली तर दवाने आणि गुरांच्या खुरांनी पहाटेपर्यंत निम्मी गेलेली असते.

फिती आम्ही शिंप्याकडच्या कापडाच्या कातरणांतून करतो. प्लास्टिकची पट्टी तुटून झुडपात राहते आणि गुरं खातात. रंग गर्द गुलाबी. डिसेंबरात तिथलं गवत पिवळं पडलेलं असतं, त्यात भगवा आणि लाल मिसळून जातात. गुलाबी लांबून उठून दिसतो. फीत डोळ्यांच्या उंचीवर बांधायची हे सगळे सांगतात, पण चढावर माणूस मान खाली घालून धावतो हे लक्षात घ्या. तिथं ती गुडघ्याच्या उंचीवर हवी.

तारखेचा विचार असाच करायचा. पावसाळा संपल्या संपल्या गवत कमरेएवढं असतं, खालचे दगड दिसत नाहीत, घोणस-फुरशाची भीती असते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन, आपली निम्मी मंडळी तिकडे. फेब्रुवारीनंतर ऊन तापतं, वणव्याचे दिवस येतात. उरतो डिसेंबर. निफाडकडचा गारठा शहरातही जाणवतो, पण धावायला तोच बरा. मात्र अंधारात सोडायचं नाही. आपल्या भागात बिबट्याचा वावर आहे, आणि पहाटेचा वेळ त्याचा असतो. उजाडल्यावर, सातनंतरच शिट्टी वाजवायची.

वन खात्याची लेखी परवानगी, पोलिसांना पत्र, १०८ ची रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते याची प्रत्यक्ष पाहणी, ही कामं दोन महिने आधी करा. लेण्यांच्या पायऱ्या मार्गात घेऊ नका. तिथली चोवीस लेणी संरक्षित स्मारक आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाचा लेख कोरवून ठेवला आहे. तो सवडीने, उभं राहून बघावा. घड्याळ लावून त्याच्यासमोरून पळू नये.

गर्दीचा हिशेब मात्र नीट मांडा. पायवाटेवर एकामागून एक धावायचं असतं. एका माणसाला दोन मीटर धरले तर दीडशे जणांची रांग तीनशे मीटर होते. सगळ्यांना एकदम सोडलं तर पहिल्याच अरुंद वळणावर मागचे उभे राहतात आणि बाजूच्या रोपट्यांतून घुसतात. म्हणून पंचवीस-पंचवीसच्या तुकड्या, मध्ये तीन मिनिटं.

पाण्याच्या टेबलावर कागदी पेले नकोत. प्रत्येकाने आपला पेला आणायचा. साधं पाणी आणि साखर-मिठाचं पाणी, दोन्ही ठेवा. एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नका, प्रमाण चुकलं तर अपाय होतो. चिक्की फोडून परातीत ठेवा, वेष्टनासकट हातात देऊ नका.

आता शेवटच्या माणसाबद्दल. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरीला निघते तेव्हा दिंडीत कुणी मागे पडलं तर बरोबरचे विचारपूस करतात. आपल्याकडेही सगळ्यात मागे दोघं जण चालत असले पाहिजेत. ते धावत नाहीत, घाई करत नाहीत, शेवटच्या स्पर्धकाशी बोलत येतात. ते पोहोचेपर्यंत कमान उतरवायची नाही, आणि पोहे संपवायचे नाहीत.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकली. या स्पर्धांमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ती घडली ती डोंगरातल्या अशाच वाटांवर. आणि आपण प्रवेश फी एवढी ठेवतो की पाड्यावरची मुलगी अर्जच भरत नाही! तिच्यासाठी फी नको, बुटांची अट नको, येण्याजाण्याला गाडी हवी. पायथ्याला गुरं चारणाऱ्यांनाही बोलवा. फाट्यावर उभं राहायला त्यांच्यासारखा माणूस नाही, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना रोख द्या.

फिती बांधताना मोजायच्या, सोडताना पुन्हा मोजायच्या. आकडा जुळेपर्यंत घरी जायचं नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला वनोद्यानाच्या फाटकापाशी आम्ही जमणार आहोत. तुमच्यापैकी ज्यांनी ते उद्यान आतून कधीच पाहिलेलं नाही, त्यांनी हात वर करा. हो, मागच्या रांगेतल्या ताई, तुम्हीसुद्धा. तुम्ही नक्की या, पुढे तुम्हालाच चालायचं आहे.