चिठ्ठीवर अर्जंट लिहिलंय, मग निघायचं कधी?

(दृश्य: हातातली चिठ्ठी, अगदी जवळून)

ही चिठ्ठी नीट बघा. पारोळा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातली, पेशंटला मोठ्या दवाखान्यात पाठवणारी आहे, डॉक्टरांनी वर अर्जंट लिहून खाली दोन रेघा मारल्यात आणि मधे लिहिलंय, डाव्या गालाच्या आत जखम, महिना झाला, आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकून सीए. सीए म्हणजे कॅन्सर आणि प्रश्नचिन्ह म्हणजे शंका आहे, तपासून खात्री करा, एवढंच. पण घरातलं शिकलेलं पोरगं नुसतं सीए वाचतं आणि रडारड सुरू होते, नाहीतर चिठ्ठी सरळ देव्हाऱ्यामागे जाते, आणि हे दुसरं जास्त वाईट.

(दृश्य: कापसाची वेचणी)

ही चिठ्ठी ज्यांची, ते काका म्हणत होते वेचणी उरकली की जाऊ. आणि वर, "दुखस नही ना, मंग कसाले जावानं?" हे वाक्य आम्ही गावात ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलं. पण तोंडातली अशी जखम सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही, आणि म्हणूनच ती महिनोन्महिने राहून जाते. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, बसलेला आवाज, गिळताना घास अडकणं, बायकांमध्ये छातीत गाठ किंवा पाळी गेल्यावर परत रक्त जाणं, यातलं काही असलं की डॉक्टर पुढे पाठवतात. आणि हे बघा, आशाताई काकांना तोंड उघडून तीन बोटं उभी आत घालायला सांगतायत, दोनच जातायत. सुपारी, गुटखा, मावा वर्षानुवर्षे खाल्ला की गाल आतून असे आवळत जातात. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी तो मिळतो, पोरंसोरं खातात, आणि याचा आम्हाला मनापासून राग आहे.

(दृश्य: पारोळा बसस्टँड, सकाळ)

जिल्हा जळगाव, पण पारोळ्याला धुळं जवळ पडतं, म्हणून काका तिथल्या हिरे मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात निघालेत. पिशवीत काय काय आहे बघा, चिठ्ठी, आधार, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या पाकिटासकट. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तपासायच्या आधीच सांगा. सोबत एक माणूस पाहिजेच, कारण डॉक्टर जे बोलतात त्यातलं अर्धं पेशंटच्या कानावरून जातं. कोणत्या विभागात जायचं आणि त्यांची ओपीडी कोणत्या वारी असते हे गावातच विचारून घ्या.

(दृश्य: बायोप्सीची खोली)

आता हे शांतपणे बघा, सगळी भीती इथंच असते. आधी गालात बधिर करायचं इंजेक्शन, मग जखमेच्या कडेचा छोटासा तुकडा काढला, तो पाण्यासारख्या दिसणाऱ्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला आणि बाटलीवर नाव लिहिलं. नाव बरोबर आहे ना, ते तिथंच वाचून घ्या. लॅबमध्ये हा तुकडा मेणात बसवतात, मग मशीनवर त्याचे कागदाहूनही पातळ काप काढतात, गुलाबी-जांभळा रंग देतात, आणि मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली एकेक काप बघतात, म्हणून रिपोर्टला साधारण आठवडा लागतो. गावात म्हणतात सुई लावली, कापलं की कॅन्सर पसरतो. असं होत नाही हो, आणि तुकडा तपासल्याशिवाय कोणताच डॉक्टर खात्रीने हो किंवा नाही म्हणू शकत नाही.

अर्जंट म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही. इंग्लंडमध्ये अशा संशयाच्या चिठ्ठीवर पाठवलेल्या दहातल्या नऊहून जास्त लोकांना कॅन्सर निघत नाही, आणि तिथं 28 दिवसांत पेशंटला हो की नाही सांगायचं असं ठरवलेलं आहे. आपल्याकडे तंबाखू जास्त म्हणून तो आकडा इथं जसाच्या तसा लावू नका, पण घाई कशाची ते समजून घ्या. जखम लहान असताना बऱ्याचदा एका ऑपरेशनवर भागतं, उशीर झाला की ऑपरेशन, शेक म्हणजे रेडिएशन, आणि केमो, तिन्ही मागे लागतात.

(दृश्य: रिपोर्टची खिडकी, काका रांगेत)

रिपोर्ट आणायला जातच नाहीत असे पेशंट असतात. काका आलेत. रिपोर्ट काही निघो, घेऊन परत त्याच डॉक्टरांना दाखवायचा, कारण कॅन्सर नाही निघाला तरी त्या चट्ट्यावर लक्ष ठेवावं लागतं आणि तंबाखू सोडावीच लागते. कॅन्सर निघाला तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेची मदत करणाऱ्या माणसाला भेटा, महात्मा फुले योजनेत बरेच उपचार बसतात, आणि रेल्वे भाड्यात पेशंटला सवलत मिळते. परळच्या टाटाला किंवा दुसरीकडे जायचं ठरलं तर रिपोर्टसोबत मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही मागून घ्या, पुढचे डॉक्टर त्या परत तपासतात, आणि त्या नसल्या तर मुंबईहून धुळ्याला अजून एक चक्कर पडते.