थंडी कितीही असो, जनरेटर बाहेरच

नमस्कार श्रोतेहो. टोरांटो आणि आसपासच्या आपल्या मंडळींशी आज हिवाळ्याच्या तोंडावर जनरेटरबद्दल बोलायचं आहे. डिसेंबर 2013 चं बर्फाचं वादळ अनेकांच्या लक्षात असेल. पाऊस पडता पडता गोठला, बर्फाने लगडलेल्या फांद्या तारांवर कोसळल्या आणि एकट्या टोरांटोत सुमारे 3 लाख ग्राहकांची वीज गेली. काही घरांत नाताळ उलटला तरी अंधारच होता. अशा वेळेसाठी चाकांचा, पेट्रोलवर चालणारा जनरेटर आता आपल्यातल्याही बऱ्याच जणांच्या गॅरेजमध्ये असतो.

तो गॅरेजमध्ये ठेवायला हरकत नाही. उबेत असला की थंडीत चटकन सुरू होतो. पण दोरी ओढायची ती बाहेर नेऊनच. उणे 15 मध्ये बोटं बधिर झाली की मनात येतंच, गॅरेजचं दार उघडं ठेवलं तर काय बिघडतं? फार बिघडतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. दार सताड उघडं असलं तरी तो वायू गॅरेजमध्ये साठतो आणि घरात उघडणाऱ्या दाराच्या फटीतून आत शिरतो. म्हणून जनरेटर घरापासून निदान 6 मीटर दूर हवा, सायलेन्सरचं तोंड घराकडे नको, शेजाऱ्यांच्या खिडकीकडेही नको. डेकवर, पोर्चमध्ये, खिडकीखाली तर नकोच. भोवतीचा बर्फ फावड्याने दूर सारा. वर आडोसा करायचा तर बाजू मोकळ्या राहू द्या. ओल्या हाताने प्लग लावू नका.

भारतातून आलेले आई-बाबा दिवसभर घरात असतात, त्यांना हे आवर्जून सांगा. लोडशेडिंगच्या दिवसांत दुकानांपुढे फुटपाथवर धडधडणारे जनरेटर त्यांनी पाहिलेले आहेत, म्हणून ‘थोडा धूर झाला तर काय’ असं वाटणं साहजिक आहे. इथलं घर मात्र थंडीसाठी चहूबाजूंनी बंद केलेलं असतं. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर हे फ्लूसारखं वाटतं, पण ताप नसतो आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच होऊ लागतं. झोपेत तर कळतच नाही. म्हणून झोपताना जनरेटर बंद करा. तापलेलं घर काही तास तग धरतं.

आता यंत्राची थंडी. दाट ऑइल गारठ्यात मधासारखं घट्ट होतं, म्हणून माहितीपुस्तिकेत हिवाळ्यासाठी सांगितलेलं पातळ ऑइल, बहुधा 5 डब्ल्यू-30, आधीच भरून ठेवा. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी कडाक्याच्या थंडीत गोठते. मग आतला दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर येतं. उन्हाळ्यापासून टाकीत पडून असलेलं पेट्रोलही दगा देतं, कार्बोरेटर तुंबतो. पेट्रोल भरण्याआधी इंजिन बंद करून गार होऊ द्या. तापल्या सायलेन्सरवर सांडलेले चार थेंबही पेट घेऊ शकतात.

आणि फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी. ती चालावी म्हणूनच तर हा खटाटोप. पण अनेक इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो. मग काही फर्नेसना आपलीच ज्योत ‘दिसत’ नाही आणि त्या पुन्हा पुन्हा बंद पडतात. हे ऐन वादळात कळून उपयोग नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच, म्हणजे घराची जोडणी बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरला देणारा स्विच, बसवून घ्या आणि ऑक्टोबरातच एकदा फर्नेस जनरेटरवर चालवून बघा. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये वीज सोडणं कुणी सुचवलं, तर ठाम नाही म्हणा. ती वीज उलटी खांबावरच्या तारांत जाते आणि तिथे वीजकंपनीचा माणूस काम करत असतो.

झोपायच्या खोल्यांजवळ बॅटरीवर चालणारा सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, अलार्म हवाच. तो वाजला तर कोट शोधत बसू नका, जनरेटर बंद करायलाही आत थांबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, मग 911 लावा. शेजाऱ्यांचं दार ठोठावा, त्यांच्याकडे थांबा, आणि अग्निशमन दलाने घर तपासून सांगेपर्यंत परत आत जाऊ नका.