रोजचं रेखाटन: तांब्या, कडक भाकरी आणि चादरीची घडी

मंडळी, रोज चित्र काढायचं ठरवलेली माणसं बहुतेक वेळा ‘आज काय काढू?’ इथंच अडतात. वही पुढ्यात उघडी आणि नजर घरभर फिरतेय. त्यात दहा मिनिटं जातात, मग कुकरची शिट्टी होते आणि राहून जातं. म्हणून वस्तू सोमवारी ठरवा आणि शनिवारपर्यंत तीच काढा. जागाही तीच. फार तर वस्तू थोडी फिरवा.

सामान थोडंच लागतं. ए-फाइव्ह आकाराची वही, कागद १२० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा, आणि एक २बी, म्हणजे मऊ शिशाची पेन्सिल. खोडरबर जवळ ठेवूच नका. चुकीची रेषा तशीच राहू द्या आणि शेजारी बरोबर रेषा काढा, म्हणजे आपण कुठल्या बाजूला घसरतो ते दिसतं. वेळ १५ मिनिटं, घड्याळ लावून. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तळहाताच्या घामानं शिसं फरपटतं, तेव्हा हाताखाली एक कोरा कागद घ्या आणि सकाळी ९च्या आत बसा. खिडकीचा उजेड असताना ट्यूबलाइट बंद करा. नाहीतर एका वस्तूच्या दोन सावल्या पडतात आणि आकार कळेनासा होतो.

पहिल्या आठवड्याला पितळी तांब्या घ्या. शाळेतल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत, वस्तुचित्रात अनेकांनी तो काढलाय आणि बहुतेकांचा एकाच ठिकाणी बिघडलाय: तोंड गोल काढायचं आणि बूड सपाट रेषेनं संपवायचं. तांब्या डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर तोंडाचं लंबवर्तुळ चपटं दिसतं आणि बुडाचं त्याहून जास्त उघडं, कारण बूड नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असतं. बुडाची मागची बाजू दिसत नसली तरी फिकट रेषेनं पूर्ण काढा, म्हणजे पुढची कड आपोआप वळते. लंबवर्तुळाच्या दोन्ही कडा डोळ्याच्या कोपऱ्यासारख्या टोकदार होऊ देऊ नका. तिथंही वळण असतंच, फक्त ते झटकन होतं.

सुरुवात मधल्या उभ्या रेषेपासून करा. हात कोपरातून ताठ ठेवून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्यानं रुंदी मोजा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहा. कोपर वाकलं की माप बदललं, इथंच घोळ होतो. वस्तूच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर बसा. काढून झाल्यावर वही उलटी धरा, तांब्याचा कुठला गाल जास्त फुगलाय ते लगेच दिसेल.

पितळेची छटा मातीच्या मडक्यासारखी हळूहळू गडद होत नाही. खिडकीचा पांढरा पट्टा आणि त्याला चिकटूनच एकदम काळा भाग, असं असतं. पांढऱ्या पट्ट्यावर पेन्सिल लावूच नका, कागद कोरा सोडा.

दुसऱ्या आठवड्याला कडक भाकरी. घरात असतेच आणि आठवडाभर आकार बदलत नाही. ती वाटीला टेकवून तिरकी उभी करा. तांब्याच्या तोंडावर शिकलेलं लंबवर्तुळ इथं कामी येतं, पण कड वाकडी असते, एखादी बाजू उचललेली असते. आधी हलकं, नियमित लंबवर्तुळ काढा आणि मग कड कुठं बाहेर जाते, कुठं आत येते ते त्यावर नोंदवा. ठिपके आणि डाग शेवटी, तेही सावलीच्या सीमेजवळचेच. सगळे काढत बसलात तर भाकरी सपाट दिसेल.

तिसऱ्या आठवड्यात घडी घातलेली सोलापुरी चादर. नक्षी इतकी आकर्षक असते की हात आधी तिकडेच जातो, आणि मग घडी हरवते. पहिली दहा मिनिटं फक्त मोठ्या कडा काढा. घडीची बाजू गोल वळते, सुट्या कडा मात्र एकावर एक थरांत दिसतात. मग नक्षीचा एकच पट्टा घ्या आणि तो वळणावर कुठं नाहीसा होतो, पुढच्या थरावर किती सरकून उगवतो, तेवढंच काढा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रं काढू नका. वसुलीसारखं वाटायला लागलं की वही कपाटात जाते.

रविवारी वस्तू आत ठेवा आणि ती आठवून काढा. मग शेजारी आणून ताडून पाहा. जो भाग आठवला नाही, त्यावर बारीक खूण करा. वस्तू आणखी एक आठवडा ठेवायची की बदलायची, हे त्या खुणांवरून ठरवा.